पेटीच्या गिटारला चुंबकाचा कान

उर्दूत आपण ज्याला साज म्हणतो, त्याला मराठीत वाद्य म्हणतात. ‘साज’ हा शब्द मराठीतही आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. कोल्हापुरी साज गळ्यात घालतात, तो वाजवत नाहीत! आज आपण अशा एका वाद्याची माहिती घेणार आहोत, की जे विकत आणण्याची गरज नसते. एक रिकामी लाकडी पेटी, एक दांडी आणि तीन तारा एवढ्या सामानावर ते घरच्या घरी तयार होते. त्याचे नाव सिगार बॉक्स गिटार. सिगारशी आपल्याला काही कर्तव्य नाही. तंबाखू आरोग्याला घातक आहे, हे तुम्ही जाणताच. आपले काम आहे ते तिच्या रिकाम्या पेटीशी.

या वाद्याचा जन्म अमेरिकेतला. तेथे १८६१ ते १८६५ या काळात उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची राज्ये यांच्यात यादवी युद्ध झाले. युद्ध म्हटले की पैसा लागतो. सरकारने तंबाखूच्या मालावर कर बसवला. कर कोणी चुकवू नये म्हणून त्याच दशकात असे नियम झाले, की सिगार ठरावीक संख्येच्या पेट्यांत भरूनच विकायच्या आणि प्रत्येक पेटीवर कराचे तिकीट चिकटवायचे. रिकामी झालेली पेटी पुन्हा सिगार भरण्यासाठी वापरायलाही बंदी होती. मग काय झाले असेल? घरोघरी आणि दुकानांच्या मागे रिकाम्या पेट्या साचू लागल्या. पेटी हलकी, मजबूत आणि फुकट! ती टाकून कोण देणार? कोणी तिच्यात टाचण्या ठेवल्या, कोणी पत्रे ठेवली आणि कोणी तिला तारा लावल्या.

एडविन फोर्ब्ज नावाच्या चित्रकाराने यादवी युद्धातल्या छावण्यांची चित्रे काढली. १८७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका चित्रात एक सैनिक सिगारच्या पेटीचे फिडल वाजवताना दिसतो. पुढे १८८०च्या दशकात डॅनियल कार्टर बिअर्ड यांनी पेटीपासून बँजो कसा बनवावा, याची कृती मुलांसाठी लिहिली. हेच बिअर्ड नंतर अमेरिकेतील स्काउट चळवळीच्या संस्थापकांपैकी एक झाले. परंतु हे वाद्य खऱ्या अर्थाने वाढले ते गरिबांच्या घरात. कापसाच्या शेतात राबणारी कृष्णवर्णीय कुटुंबे, डोंगराळ भागातले शेतकरी, १९३०च्या दशकातील मंदीत काम गमावलेले मजूर यांना दुकानातली गिटार परवडत नव्हती. त्यांची मुले झाडूच्या दांड्याला पेटी जोडत आणि झाडू बांधायची तार ताणून बसवत. तीन तारा बहुतेक वेळा सा, प आणि वरचा सा अशा लावल्या जातात. एवढ्यावर पुष्कळ गाणी वाजवता येतात.

आता पेटीकडे नीट पाहू. नुसती तार हवेत छेडली तर आवाज फारच बारीक येतो. बारीक तार हवेला फारसे ढकलू शकत नाही. तीच तार पेटीवरच्या घोडीवरून नेली की तारेचे कंपन घोडीतून पेटीच्या झाकणात उतरते. झाकण रुंद असते, ते पुष्कळ हवा हलवते आणि आवाज मोठा होतो. सतारीचा भोपळा आणि त्यावरची लाकडी तबली हेच काम करतात. येथे एक नाते सांगण्यासारखे आहे. सिगारच्या चांगल्या पेट्या स्पॅनिश सीडर नावाच्या झाडाच्या लाकडाच्या असतात. आपल्याकडचा तून वृक्ष याच झाडाच्या कुळातला आहे. आणि तुनाचे लाकूड सतारीसाठी वापरतात. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये बनवण्याची परंपरा सुरू केली. हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यातला हा कारागीर. त्या परंपरेतील मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

मात्र मिरजेचा कारागीर लाकूड निवडतो, ते तासतो आणि हाताने ठोकून त्याचा आवाज पारखतो. सिगारची पेटी अशी पारखून केलेली नसते. ती लहान असते. तिचे झाकण कधी पातळ फळीचे, तर कधी कागद लावलेल्या पुठ्ठ्याचे असते. त्यामुळे पेटीच्या गिटारचा आवाज घराच्या ओट्यावर पुरतो, पण मेळाव्यात किंवा ढोल-ट्रंपेटच्या शेजारी तो ऐकूच येत नाही. ही अडचण केवळ पेटीच्या गिटारची नव्हती. १९३० सालापर्यंत मोठमोठ्या वाद्यवृंदांत चांगल्या गिटारचीही हीच गत होती. गिटारवादक मागे बसून ताल धरत असे. त्याचे एकट्याचे वादन श्रोत्यांपर्यंत पोहोचत नसे.

या ठिकाणी एका मुलाची गोष्ट सांगितली पाहिजे. चार्ली ख्रिश्चन याचा जन्म १९१६ साली टेक्सास राज्यात झाला आणि तो ओक्लाहोमा सिटी या शहरात वाढला. वडील संगीतकार होते, पण त्यांची दृष्टी गेली होती. घर चालवण्यासाठी बाप आणि मुले रस्त्यावर गात-वाजवत फिरत. पुढे प्रसिद्ध कादंबरीकार झालेले राल्फ एलिसन त्याच शहरात, त्याच शाळेत शिकले. त्यांनी लिहून ठेवले आहे, की शाळेच्या हस्तव्यवसायाच्या वर्गात चार्ली सिगारच्या पेट्यांपासून गिटार बनवत असे आणि ती वाजवून वर्गमित्रांना थक्क करत असे. हाच चार्ली १९३९ साली बेनी गुडमन यांच्या नामांकित वाद्यवृंदात दाखल झाला. त्या वेळी काळ्या आणि गोऱ्या वादकांनी एका मंचावर बसणे हीच अमेरिकेत मोठी गोष्ट होती. त्याच्या हातात गिब्सन कंपनीची ‘ईएस-१५०’ ही गिटार होती. ती १९३६ साली बाजारात आली होती. तिच्या तारांखाली एक चुंबकीय पिकअप बसवलेला होता. आता गिटार मागे राहिली नाही. क्लॅरिनेट आणि ट्रंपेट यांच्या बरोबरीने तिचा एक-एक स्वर सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ लागला. दुर्दैवाने क्षयरोगाने १९४२ साली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी चार्लीचे निधन झाले. पण त्या जातीच्या पिकअपला आजही ‘चार्ली ख्रिश्चन पिकअप’ म्हणतात.

पिकअप म्हणजे काय? तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला मकनातीस म्हटले आहे, ते मराठीत लोहचुंबक किंवा नुसते चुंबक. १८३१ साली मायकेल फॅरेडे यांनी दाखवून दिले, की तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात वीज निर्माण होते. यालाच विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. सायकलच्या डायनॅमोत चुंबक फिरतो आणि दिवा लागतो, तो याच नियमाने. पिकअपमध्ये चुंबक फिरत नाही आणि वेटोळेही फिरत नाही. मग हलते कोण? हलते ती गिटारची तार. चुंबकाजवळ असल्यामुळे पोलादी तार स्वतःही थोडीशी चुंबक बनते. ती वरखाली कंप पावू लागली, की वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र तेवढ्याच वेळा कमी-अधिक होते. तार सेकंदाला ११० वेळा हलली, तर विजेचा दाबही सेकंदाला ११० वेळा बदलतो. ही वीज अँप्लिफायरमध्ये, म्हणजे ध्वनिवर्धकात मोठी केली की स्पीकरमधून तोच स्वर बाहेर पडतो.

असा पिकअप विजेवरच्या गिटारला प्रथम बसवणाऱ्यांत जॉर्ज बोशाँ यांचे नाव घेतात. अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्याबरोबर त्यांनी काढलेली गिटार १९३२ साली विक्रीला आली. तिचा आकार तव्यासारखा होता, म्हणून लोक तिला गमतीने ‘फ्राइंग पॅन’ म्हणत. त्या गिटारला पेटी नव्हतीच. ती भरीव अ‍ॅल्युमिनियमची होती! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आपल्याला तिचा उपयोग होणार आहे.

साध्या पिकअपमध्ये केसाइतकी बारीक तांब्याची तार असते. तिची जाडी मिलिमीटरच्या सुमारे ६ शतांश एवढी. तिच्यावर इनॅमलचा पातळ थर असतो, नाहीतर शेजारचे वेढे एकमेकांना चिकटून वीज वेटोळ्यातून नीट फिरलीच नसती. असे सात-आठ हजार वेढे घ्यावे लागतात. वेटोळे सोडवून तार सरळ केली तर ती एक किलोमीटरच्या आसपास भरेल. आणि एवढे करून मिळणारी वीज किती? सर्वसाधारणपणे एका व्होल्टच्या दहाव्या भागाच्या जवळपास. म्हणूनच पिकअपची वीज अगदी निर्धोक असते. तिचा धक्का बसत नाही.

या सगळ्यातून एक गोष्ट निघते, आणि पिकअप बसवताना तीच विसरली जाते. मायक्रोफोन हवा ऐकतो. पिकअप हवा ऐकत नाही. पेटीसमोर तुम्ही कितीही गा, चांगला पिकअप तिकडे लक्ष देणार नाही. त्याला कळते ते एकच : तार आपल्याजवळ आली की दूर गेली. नायलॉनची तार लावली तर तो बहिराच होतो, कारण नायलॉनवर चुंबकाचा परिणाम होत नाही. पितळी किंवा काशाचे वेढे असलेल्या तारांमध्ये त्याला फक्त आतला पोलादी गाभा जाणवतो, म्हणून त्या तारा जरा हळू वाजतात. तेव्हा विजेवरच्या गिटारसाठी मिळणाऱ्या पोलादी किंवा निकेल चढवलेल्या ताराच घ्याव्यात.

पण ‘तार आपल्यापासून किती दूर आहे’ हे मोजणाराच जर डळमळत असेल, तर? समजा, तुम्ही हलत्या झोपाळ्यावर बसून भिंतीचे अंतर मोजत आहात. भिंत स्थिर असूनही अंतर बदलत राहील. पेटीच्या पातळ झाकणावर स्क्रूने बसवलेल्या पिकअपचे हेच होते. झाकण थरथरते, त्याच्याबरोबर पिकअप थरथरतो, आणि तारेच्या कंपनात झाकणाचे कंपन मिसळते. आवाज लहान ठेवला तर हे खपून जाते. आवाज मोठा केला की स्पीकरमधून आलेला नाद पेटीवर आदळतो, झाकण हलते, पिकअप हलतो, ती हालचाल पुन्हा स्पीकरमधून येते, ती पुन्हा झाकणावर आदळते... असे चक्र सुरू होते आणि कानठळ्या बसवणारी शीळ वाजू लागते. सभेत मायक्रोफोन स्पीकरसमोर आला की जी शीळ ऐकू येते, तिचीच ही बहीण.

म्हणून पिकअप झाकणाला नव्हे, तर दांडीला बसवावा. पेटीच्या गिटारमध्ये दांडी पेटीच्या आतून आरपार जाते आणि मागच्या बाजूने थोडी बाहेर निघते. तारांची दोन्ही टोके या दांडीलाच बांधलेली असतात. तीन तारांचा ताण मिळून वीस किलोच्या आसपास जातो आणि तो सगळा दांडी सोसते. सगळ्या वाद्यात तीच काय ती ठाम वस्तू. पिकअप तिच्यावर बसला की तार हलते आणि पिकअप स्थिर राहतो.

हे बोलायला सोपे आहे, करायला जरा कठीण. दांडी झाकणाच्या अगदी खालून जाते आणि बाजारात मिळणारा साधा पिकअप सुमारे दोन सेंटिमीटर उंच असतो. मग तो मावणार कुठे? काही जण पटाशी घेऊन दांडीत खाच पाडतात. खाच थोडीशी असेल तर हरकत नाही. पण दांडीची अर्ध्याहून अधिक जाडी कापली तर ताणामुळे ती त्याच ठिकाणी वाकते, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात आणि स्वर बेसूर लागतात. त्यापेक्षा चपटा पिकअप घ्यावा. पेटीच्या गिटारसाठी असे सात-आठ मिलिमीटर जाडीचे पिकअप मुद्दाम बनवतात. किंवा गिटार बांधतानाच दांडी झाकणापासून थोडी खाली ठेवावी आणि मधल्या जागेत लाकडाचा लहान ठोकळा बसवून त्यावर पिकअप घ्यावा. झाकणाला पिकअपच्या आकाराचे भोक पाडायचे, पण सर्व बाजूंनी एक-दोन मिलिमीटर मोकळे. पिकअपचा झाकणाला कोठेही स्पर्श होऊ द्यायचा नाही.

चार्लीच्या गिटारमध्ये तर याहून अवघड काम होते. त्या पिकअपचे दोन लांब आणि जड चुंबक पेटीच्या आत होते. ते सारे ओझे गिटारच्या वरच्या फळीला तीन स्क्रूंनी टांगलेले होते. स्क्रू कमी-जास्त पिळून पिकअप तारांच्या जवळ किंवा दूर नेता येई, एका बाजूने तिरकाही करता येई. त्या गिटारच्या जुन्या छायाचित्रांत तारांच्या जवळ तीन स्क्रूंची डोकी स्पष्ट दिसतात. ती फळी जाड आणि आतून आधार दिलेली होती. तीन मिलिमीटरच्या पेटीच्या झाकणावर तो प्रयोग करू नये.

उंचीचे एवढे महत्त्व का? पिकअप तारेच्या जवळ गेला की आवाज मोठा होतो, म्हणून हौशी माणूस तो जवळ-जवळ नेत राहतो. मग चुंबक तारेला ओढू लागतो. तारेचे कंपन मोकळे राहत नाही, स्वर लवकर विझतो आणि थरथरल्यासारखा वाजतो. जाड तारेवर हा दोष आधी दिसतो. शेवटच्या पडद्यावर बोट दाबून तार आणि पिकअप यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटर अंतर राहील, असे पाहावे आणि नंतर कानाने ठरवावे. स्क्रूच्या खाली लहान स्प्रिंग किंवा रबरी नळीचा तुकडा घातला की उंची हवी तशी बदलता येते. काही गिटारना पडदेच नसतात. वादक काचेच्या नळीचा किंवा बाटलीच्या गळ्याचा तुकडा बोटात घालून तो तारेवरून सरकवतो. अशा वाद्यात तारा उंच असतात, म्हणून पिकअपही उंच करावा लागतो.

आता जागा. घोडीजवळ तार थोडीच हलते, पण तिच्यातले बारीक, तीव्र स्वर तेथे भरपूर असतात. म्हणून घोडीजवळचा पिकअप चिरका आणि स्पष्ट वाजतो. दांडीच्या बाजूला सरकवला तर आवाज गोड आणि भरीव होतो. पेटी लहान असल्यामुळे फारशी निवड करायला जागाच नसते. तरी बसवण्याआधी पिकअप हातात धरून तारांखाली पुढे-मागे सरकवून पाहा, हा माझा आग्रह आहे. भोक एकदा पाडले की बुजवता येत नाही.

तीन तारांचा आणखी एक प्रश्न असतो. बाजारातला पिकअप सहा तारांसाठी असतो. त्यात सहा लहान खांब, म्हणजे चुंबकाचे ध्रुव, सुमारे दहा मिलिमीटर अंतरावर ओळीने उभे असतात. आपल्या तीन तारा त्यांच्यावर नेमक्या येतीलच असे नाही. एखादी तार दोन खांबांच्या मध्ये पडते आणि बाकीच्यांपेक्षा हळू वाजते. यावर उत्तम उपाय म्हणजे खांबांऐवजी एकच सलग पट्टी असलेला पिकअप. तार पट्टीवर कोठेही असली तरी चालते. गंमत अशी, की चार्लीच्या पिकअपमध्येही अशीच एक पोलादी पट्टी होती.

चुंबक स्वतः बसवून वेटोळे घरी गुंडाळणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो. इंग्लंडमध्ये १९६३ साली ब्रायन मे नावाच्या शाळकरी मुलाने वडिलांबरोबर घरी गिटार बनवायला घेतली. दांडीसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले. पिकअपही त्याने स्वतः गुंडाळले होते. पण त्यातले चुंबक त्याने एक उत्तर ध्रुव वर, दुसरा दक्षिण ध्रुव वर असे आळीपाळीने लावले होते. बोटाने तार बाजूला ओढली, की ती एका ध्रुवावरून विरुद्ध ध्रुवाकडे सरके आणि आवाज बिघडे. शेवटी त्याने तयार पिकअप विकत आणून बसवले. ती गिटार त्याने पुढे ‘क्वीन’ या जगप्रसिद्ध वाद्यवृंदात आयुष्यभर वाजवली. (त्या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या शाळेत शिकला होता.) तेव्हा घरी पिकअप करायचा असेल, तर सर्व चुंबकांचा एकच ध्रुव वर ठेवा. कोणता, हे महत्त्वाचे नाही.

काम करताना दोन गोष्टी सांभाळा. पेटीला भोके पाडताना पिकअप दूर ठेवावा. लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटला तर तो सहजासहजी निघत नाही. दुसरे, लोखंडी पेचकस पिकअपजवळ नेला की चुंबक तो झटकन ओढून घेतो आणि त्याचे टोक बारीक तारेत घुसते. एक वेढा तुटला तरी पिकअप मुका होतो. वेटोळ्याभोवती चिकटपट्टी गुंडाळलेली बरी. कारखान्यात वेटोळे वितळलेल्या मेणात बुडवतात. मेण वेढ्यांच्या फटींत शिरून घट्ट होते, मग वेढे आपापसांत थरथरत नाहीत आणि शीळही कमी होते.

पिकअपमधून दोन तारा बाहेर येतात. एक आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणातून जॅककडे जाते, दुसरी थेट जॅकच्या दुसऱ्या टोकाला. या दुसऱ्या तारेला आणखी एक तुकडा जोडून तो गिटारच्या तारा जेथे बांधल्या आहेत त्या धातूला लावतात. तो विसरला तर स्पीकरमधून सतत गुणगुण येते. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, अमेरिकेतली ६०. वेटोळे ही थरथर हवेतून पकडते आणि आपले शरीरही ती पकडते. ही गुणगुण मारण्यासाठी गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली दोन वेटोळ्यांचा पिकअप तयार केला. एक वेटोळे दुसऱ्याच्या उलट असते आणि त्यांचे चुंबकही उलटे. बाहेरची गुणगुण दोन्हींत विरुद्ध येऊन नाहीशी होते, तारेचा आवाज मात्र दुप्पट होतो. वजाबाकी आणि बेरीज एकाच वेळी!

पिकअप निर्धोक असला तरी अँप्लिफायर घरातल्या २३० व्होल्टच्या विजेवर चालतो. तो कधीही उघडू नका. शिकताना ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा लहान अँप्लिफायरच वापरा.

तुम्ही विचाराल, पिकअप पेटीचे ऐकतच नाही, तर पेटी हवी कशाला? ‘फ्राइंग पॅन’ला ती नव्हतीच. प्रश्न बरोबर आहे. पेटीचा स्वतःचा लाकडी आवाज हवा असेल, तर चुंबकाऐवजी पिएझो नावाची चकती झाकणाला आतून चिकटवतात. ती दाब आणि थरथर ओळखते. ती स्वस्त असते आणि कोणत्याही तारेवर चालते, पण पेटीवर बोट आपटले तरी ढोलासारखी वाजते. चुंबकीय पिकअपमध्ये पेटी अगदीच निरुपयोगी ठरते असेही नाही. ती तारेतली थोडी शक्ती घेते, म्हणून स्वर कसा उठतो आणि किती लवकर विझतो, हे तिच्यावर अवलंबून असते. मला विचाराल, तर ज्याला एकट्याला खोलीत वाजवायचे आहे त्याने पिएझो लावावी आणि ज्याला ढोलाच्या शेजारी उभे राहायचे आहे त्याने चुंबक. १२ डिसेंबर २०१२ रोजी न्यूयॉर्कमध्ये चक्रीवादळग्रस्तांच्या मदतीसाठी मोठा कार्यक्रम झाला. तेथे बीटल्स या वाद्यवृंदातले पॉल मॅकार्टनी हजारो श्रोत्यांसमोर सिगारच्या पेटीची चार तारांची गिटार वाजवत उभे होते. मागे जोरदार ड्रम चालू होते, तरी तिचा आवाज दबला नाही.

आपल्याकडेही असे एक वाद्य आहे. बुलबुल तरंग तुम्ही पाहिले असेल. त्याच्या बटणांवर बोटे दाबून एका हाताने तारा छेडतात. कव्वालीत त्याला बँजो म्हणतात आणि मुंबई-कोकणातल्या मिरवणुकीतही ते ‘बेंजो’ याच नावाने वाजते. हे वाद्यही मुळात एका लांबट लाकडी पेटीवर ताणलेल्या तारांचेच आहे आणि त्याचा स्वतःचा आवाज नाजूक असतो. तरीही ताशा आणि ड्रमच्या गर्दीत ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येते. पुढच्या वेळी बेंजो पार्टी जवळून गेली, तर वादकाच्या बोटांकडे न पाहता तारांच्या खाली पाहा. तेथे तुम्हाला बहुधा एक लहान पट्टी दिसेल. ती झाकणाला लावली आहे की घट्ट लाकडाला, तेही पाहून ठेवा.